स्वतःच्या जबाबदारीवर

ज्या जहाजावर टॉवेलचा हत्ती करण्यासाठी पगारी माणूस ठेवलेला असतो, त्या जहाजावर बुडणाऱ्या माणसाला वर काढायला कुणीच नसतं, असं मला कुणी घरी येऊन सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हा शोध मी जहाजात बसून स्वतः लावला. आमच्या खोलीतल्या पलंगावर रोज दुपारी एक नवा हत्ती बसलेला असे. त्याला कान असत, सोंड असे आणि डोळ्यांच्या जागी माझा चष्मा लावलेला असे. अंघोळ झाली की अंग पुसण्यासाठी मला तो हत्ती मोडावा लागे आणि ही म्हणे, "अहो, जरा हळू. त्याने केवढ्या हौसेने केलाय."

हत्तीवाला तर नुसती सुरुवात. जेवणाच्या दालनाच्या दारात आपल्या हातांवर जंतुनाशकाचा फवारा मारायला एक माणूस होता. कलिंगडातून हंस कोरायला एक होता. लिफ्टमध्ये उभं राहून "वर की खाली" विचारायला एक होता. वरच्या डेकवर व्यायाम घ्यायला एक पिळदार मास्तर होता. तो सकाळ-दुपार गळ्यातली शिट्टी फुंके, "हात वर" असं ओरडे आणि सगळा डेक हात वर करी. आरामखुर्चीत आडवे पडलेले लोक पडल्या पडल्या करत आणि ज्यांच्या एका हातात आइस्क्रीम असे ते दुसरा करत. दोन दिवसांत मास्तरला ओरडायचीही गरज उरली नाही, नुसत्या शिट्टीवर काम भागू लागलं. एवढी माणसं, एवढी शिस्त, आणि त्याच डेकवरच्या पोहण्याच्या तलावापाशी मात्र कुणी नाही. तिथे एक फलक होता.

"या तलावावर जीवरक्षक नाही. पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरावे." खाली पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाचं चित्र होतं. त्याने हात वर केलेले होते. कंपनीनेही केलेले होते.

आता मी वीजकंपनीच्या तक्रार खिडकीमागे बसून निवृत्त झालेला माणूस. हात वर करण्याची विद्या मी आतून पाहिलेली आहे. आमच्याकडे 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे' असं एक वाक्य होतं आणि तेवढ्या एका वाक्यावर आम्ही आख्ख्या वस्त्या अंधारात बसवून ठेवत असू. पण या फलकाने आमच्यावर ताण केली होती. इथे माणूस बुडायच्या आधीच त्याची तक्रार निकालात काढलेली होती. मी मनातल्या मनात दाद दिली, आणि मग माझ्या लक्षात आलं की या पाण्यात उतरणारी बाई माझी बायको आहे.

कारण आम्ही या जहाजावर आलो होतो तेच मुळी त्या तलावासाठी. हिचे गुडघे दुखू लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं. त्या वयात बायका पोथ्या घेतात, विणकाम घेतात, हिने पोहण्याचा पोशाख घेतला. आमच्या भागातल्या त्या कोंदट, क्लोरीनने डोळे झोंबवणाऱ्या बंदिस्त तलावात ती शिकली आणि वर्षभरात अशी पोहू लागली की तिथल्या तरण्या मुली तिला रस्ता देऊ लागल्या. मग तिने कुठेतरी जहाजाच्या डेकवरच्या तलावाचं चित्र पाहिलं. "वर आकाश, चारी बाजूंना समुद्र आणि मधे मी. एकदा एवढं करायचंय मला," असं ती म्हणाली. हिने लग्नानंतर एवढ्या स्पष्टपणे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मला स्वतःला पोहता येत नाही. बादलीपलीकडच्या पाण्याशी माझा संबंध नाही. ती पाण्यात शिरली की माझ्या पोटात गोळा येतो, पण हे मी तिला कधी बोललो नव्हतो. नवऱ्याने सगळंच सांगायचं नसतं.

आमच्याबरोबर माझी मेहुणी आणि साडूही आले होते. साडू या नात्याचं एक बरं असतं, त्यात प्रेम करण्याची सक्ती नसते. आमचे साडू घाऊक कापडाचे व्यापारी. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं आणि ते मोठ्याने असतं. मेहुणी म्हणते की ते झोपेतही बोलतात, आणि तेव्हाही दुसऱ्याचं ऐकून घेत नाहीत. पोहण्याचा विषय निघाला की ते म्हणतात, "मी नदीत पोहलेला माणूस आहे." ती नदी कुठली हे आजवर कुणाला कळलेलं नाही, आणि ते ओले झालेले कुणी पाहिलेले नाहीत.

फलक वाचल्यावर मी हिला म्हटलं, "तू आज उतरू नकोस. मी आधी चौकशी करून येतो."

"अहो, कसली चौकशी? पाणी आहे, मला पोहता येतं. तुम्ही खुर्चीत बसा आणि बघा. झालं की."

"बघून काय करणार? काही झालं तर मी काय करणार आहे?"

"मला हाक मारा," ती म्हणाली. पण तोवर मी निघालो होतो.

अतिथी कक्ष नावाच्या एका खिडकीमागे एक मुलगी बसली होती. तिचं हसू इतकं सारखं होतं की ते तिने सकाळी गणवेशाबरोबरच चढवलेलं असावं. मी तिला सगळा प्रकार सांगितला. तिने मान डोलावली, काही टाइप केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "सर, आपली सूचना आम्ही पुढे पाठवली आहे." मी विचारलं, "पुढे म्हणजे कुठे?" या प्रश्नावर तिचं हसू किंचित ढळलं. आमच्या कचेरीत 'पुढे' म्हणजे मागच्या भिंतीला लावलेलं एक पत्र्याचं कपाट होतं. या जहाजाचं 'पुढे' कुठे आहे ते मला कळलं नाही, पण समुद्र जवळच असल्यामुळे त्यांना कपाटाचा खर्च पडत नसावा.

डेकवर परतलो तर साडूंनी तोवर विषय सार्वजनिक करून टाकला होता. "साडूभाऊ, तुमचा मुद्दाच चुकतोय," ते शेजारच्या आठ खुर्च्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "ज्याला पोहता येतं त्याला लाइफगार्ड कशाला? आणि ज्याला येत नाही त्याने पाण्यात उतरायचं कशाला? मग लाइफगार्ड राहिला कुणासाठी?" आठही खुर्च्यांनी माना डोलावल्या. याच न्यायाने ज्याला पायऱ्या उतरता येतात त्याला कठडा नको आणि ज्याला येत नाहीत त्याने तळमजल्यावर राहावं, असं मी म्हणालो. माझं ऐकायला तोवर कुणी मोकळं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत एक दातांचे डॉक्टर होते. सुट्टीतही ते माणसाच्या तोंडाकडे बघूनच बोलत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शास्त्रीय बाजू समजावली. "हे बघा, लाइफगार्ड असला की लोक बिनधास्त होतात. आईबाप मुलांना पाण्यात सोडून खुशाल मोबाइल बघत बसतात. म्हणजे लाइफगार्डमुळे धोका वाढतो." त्यांच्या पाठीमागे दोन आईबाप लाइफगार्ड नसतानाही मुलांना पाण्यात सोडून खुशाल मोबाइल बघत बसले होते. मी डॉक्टरांना विचारलं की मग दातांचे डॉक्टर आहेत म्हणून लोक दात घासत नाहीत, असंही असेल का. त्यानंतर त्यांनी खुर्ची हलवली.

ही माझ्या हट्टापायी काठावरच थांबली, आणि दोन दिवस त्या खिडकीला खेटे घातल्यावर मला सुरक्षा अधिकाऱ्यांची भेट मिळाली. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि टेबलावर काहीही नाही. ज्याच्या टेबलावर काहीच नसतं तो अधिकारी फार वरचा असतो. त्यांनी माझ्यासमोर जहाजाचा नकाशा उलगडला.

"सर, निश्चिंत राहा. जहाज बुडालं तर प्रत्येक प्रवाशाला होडीत जागा आहे. प्रत्येकाला तरंगणारं जाकीट आहे. शिवाय कर्मचाऱ्यांची रंगीत तालीम होते."

"आणि जहाज बुडालं नाही, नुसता प्रवासीच बुडाला तर?"

त्यांनी नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "एकेकट्याने बुडणं आमच्या आराखड्यात बसत नाही," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे तुमच्याकडे बुडायचं तर सगळ्यांनी मिळून बुडायचं?"

"सर, आम्ही समूहाच्या सुरक्षिततेला प्राधान्य देतो."

मी माझी सगळी सेवा पणाला लावून त्यांच्याशी वाद घातला. हत्तीचा दाखला दिला, कलिंगडाच्या हंसाचा दिला. शेवटी ते उठले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्यासारखे जागरूक प्रवासी आम्हाला हवेच असतात. उद्या सकाळपर्यंत यावर ठोस कारवाई होईल." मी तरंगतच खोलीत आलो. हिला सांगितलं, "उद्या बघ. उद्या तुझ्या तलावावर माणूस उभा असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी भोंग्यावर घोषणा झाली की एका जागरूक प्रवाशाच्या आग्रहाला मान देऊन, सुरक्षेच्या कारणास्तव, पोहण्याचा तलाव सफर संपेपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे. साडूंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या दालनाला दिसेल असं माझ्याकडे बोट केलं.

आम्ही वर गेलो. तलावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड दोऱ्यांची जाळी ताणलेली होती. जाळी बसवायला सहा माणसं आली होती. जाळीवर कुणी पाय देऊ नये म्हणून तिच्यापाशी एक सातवा उभा केला होता. जिवंत माणसांसाठी नव्हता मिळाला तो रखवालदार जाळीसाठी ताबडतोब मिळाला. तलावात आता पाण्याशिवाय बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा सगळे प्रवासी मलाच पाण्यात पाहू लागले. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढचे पुढे सरकत आणि मागचे मागे राहत. पोरं मला जाळीकाका म्हणू लागली. फवारेवाल्याने माझ्या हातावर फवारा मारला तो मला नेहमीपेक्षा जोरात वाटला.

या सगळ्याचं मला काही नव्हतं. तक्रार खिडकीमागे कातडी निबर होते. पण ही त्या जाळीपाशी उभी होती, हातात पोहण्याची टोपी घेऊन, आणि भांडत नव्हती. ती भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती टोपीची घडी घालत म्हणाली, "एवढी वाट पाहिली होती हो मी." मग ती खोलीत गेली. मी त्या डेकवर उभा राहिलो आणि मला स्वतःची लाज वाटली, आणि कंपनीचा इतका राग आला की मी जाळीच्या रखवालदारालाच विचारलं, तुला पोहता येतं का? तो नाही म्हणाला.

मी पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेलो. मी म्हटलं, मी जीवरक्षक मागितला होता, जाळी नव्हे. ते म्हणाले, जीवरक्षक नाही म्हणून तर तलाव बंद केला. मी म्हटलं, मग जीवरक्षक नेमा. ते म्हणाले, बंद तलावावर जीवरक्षक कसा नेमणार? आमच्या कचेरीत हे वाक्य बोलणाऱ्याला आम्ही पुढच्या जागेवर बढती दिली असती. मी खुर्चीत बसलो आणि उठायला नकार दिला. तक्रारदाराचं हे एकच हत्यार आम्हाला कधी परतवता आलं नव्हतं. जेवणाची वेळ झाली तरी मी हललो नाही, आणि अधिकाऱ्यांना जेवायला जायचं होतं.

"एक मार्ग आहे," ते घड्याळ बघत म्हणाले. "एखाद्या प्रवाशाने स्वेच्छेने, स्वतःच्या जबाबदारीवर, तलावावर देखरेख करायचं कबूल केलं तर जाळी काढता येईल."

"मी करतो," मी म्हटलं.

मला पोहता येतं का हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही हे माझ्या अंगात भिनलेलं असल्यामुळे मीही बोललो नाही. त्यांनी मला एक लाल टोपी दिली. त्यावर 'मला मदत करू द्या' असं छापलेलं होतं, ती भेटवस्तूंच्या दुकानातली असावी. शिट्टी जहाजावर एकच प्रकारची होती, ती व्यायाममास्तरच्या खणातून आणून माझ्या गळ्यात घातली.

दुपारी जाळी निघाली. हिने माझ्या टोपीकडे पाहिलं, शिट्टीकडे पाहिलं. "तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही कुणाला वाचवणार?"

"कुणाला नाही. पण कुणीतरी बघत पाहिजे ना? मी बघणार."

तिने आपली टोपी केसांवर ओढली आणि पाण्यात उतरली.

मी हिला पोहताना त्याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं. बंदिस्त तलावावर मला बाहेरच्या बाकावर बसवत असत. आता पाहिलं. ती जराही पाणी न उडवता जायची, टोकाला पोचली की सहज वळायची आणि परत यायची. भाजी आणायला जाताना तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा असतो तोच होता. वर आकाश होतं, चारी बाजूंना समुद्र होता. माझ्या पोटात गोळा होताच, पण मला अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकाच पोटात कसे मावले कोण जाणे. बऱ्याच वेळाने ती वर आली आणि पलीकडे पंचा गुंडाळून बहिणीशेजारी केस पुसत बसली. त्या दुपारी मी सुखी माणूस होतो.

तेवढ्यात साडू आले. ते तिसरं पुडिंग संपवून थेट तलावाकडे निघाले होते. "साडूभाऊ, तुमच्या देखरेखीला काहीतरी काम नको का?" असं म्हणत त्यांनी शर्ट माझ्या मांडीवर फेकला. "नदीत पोहलेला माणूस आहे मी. बघा आता." मग ते शिडी उतरून पाण्यात शिरले. उथळ टोकाला ते चालत होते आणि हातांनी पोहल्याचा अभिनय करत होते. पाय तळाला टेकलेले होते हे मला वरून स्वच्छ दिसत होतं. जहाजावरच्या पाहणाऱ्यांना उद्देशून ते पोहण्याच्या प्रकारांची माहिती देत होते, नदीतलं पाणी आणि तलावातलं पाणी यांतला फरक सांगत होते. बोलता बोलता ते खोल टोकाकडे सरकले. तेवढ्यात जहाज एका बाजूला जरा कललं, तलावातलं सगळं पाणी एका अंगाला गेलं आणि साडू त्याच्याबरोबर गेले.

त्यांचं डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. एक हात वर आला. मला वाटलं, हा आणखी एक प्रकार दाखवतायत. पलीकडच्या खुर्चीतून दातांचे डॉक्टरही म्हणाले, "छान दम आहे हो यांचा." मी हसलो. आणि मग मला जाणवलं की डेकवर काहीतरी वेगळं आहे. काय ते आधी कळेना. मग कळलं. साडू गप्प होते.

लग्नानंतर पहिल्यांदा साडू गप्प होते. बुडणारा माणूस ओरडत नाही, त्याला तेवढी उसंत नसते, हे मी तेव्हा शिकलो. तोंड पाण्याने भरलेला माणूस दालनभर ऐकू जाईल असं काही सांगू शकत नाही, मग तो कितीही मोठा व्यापारी असो. मी उठलो आणि छातीतला सगळा वारा एकवटून शिट्टी फुंकली.

सगळ्या डेकने हात वर केले.

एकूण एक माणसाने. आरामखुर्च्यांतल्यांनी पडल्या पडल्या केले. दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही केले. आइस्क्रीमवाल्यांनी एकेक केला. मोबाइल बघणाऱ्या आईबापांनी मोबाइलसकट केला. हत्तीवाला टॉवेलांची चळत घेऊन निघाला होता, त्याने चळत खाली ठेवली आणि केले. मी पुन्हा फुंकली तर त्यांनी ते आणखी ताणले. कोपऱ्यातून व्यायाममास्तरही धावत आला आणि "सुरेख, कोपर सरळ" असं म्हणाला. आणि तलावाच्या मधोमध साडूंचाही एक हात वर होता, त्यामुळे कुणालाही काही वावगं दिसत नव्हतं.

मी उडी मारली. का मारली ते मला सांगता येणार नाही. टोपी, चष्मा, चपला, सगळ्यासकट मारली. पाण्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला पोहता येत नाही. मग मी साडूंना धरलं, साडूंनी मला धरलं, आणि आम्ही दोघे एकमेकांना वाचवत खाली जाऊ लागलो. नाकातोंडात पाणी गेलं. एकदा डोकं वर आलं तेव्हा मी "अगं" एवढंच ओरडलो. दुसऱ्यांदा आलं तेव्हाही तेच ओरडलो.

हिने पंचा टाकला आणि सूर मारला. तिने आधी साडूंना माझ्यापासून सोडवलं, हनुवटीखाली हात घालून त्यांना काठाला नेलं, मेहुणीने आणि हत्तीवाल्याने त्यांना ओढून वर घेतलं. मग ती माझ्यासाठी परत आली. साडू पालथे पडून पाणी ओकत होते आणि खोकत होते आणि मेहुणी त्यांची पाठ चोळत रडत होती. "बोला हो काहीतरी," ती म्हणत होती. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असणार. काठावर मला श्वास आल्यावर मी हिला विचारलं, "आधी मला का नाही?"

"तुम्ही ओरडत होतात," ती म्हणाली. "ओरडणाऱ्याला जरा थांबता येतं." मग तिने माझं ओलं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "पोहता येत नाही ना तुम्हाला? मग उडी कशाला मारली? मला हाक मारायची म्हणून सांगितलं होतं ना?"

संध्याकाळी आम्हाला सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावलं. आभार मानतील म्हणून हिने बरी साडी नेसली होती. मोकळं टेबल तसंच होतं. ते हिला म्हणाले, "मॅडम, आपल्याकडून नियमभंग झालाय. पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरावं असं फलकावर स्पष्ट आहे. आपण दुसऱ्याच्या जबाबदारीवर उतरलात."

मला इतका राग आला की शब्द सापडेनात. हिला मात्र सापडले. तिने आवाजही चढवला नाही.

"साहेब, हा माझा नवरा. तो माझ्या बहिणीचा. यात दुसऱ्याची जबाबदारी कुठली ते दाखवा."

अधिकाऱ्यांनी खणातून नकाशाची गुंडाळी काढली आणि परत आत ठेवली. मी म्हटलं, "दोन माणसं बुडत होती. तुमच्या नोंदीत काय लिहिणार आहात?"

"नोंदीप्रमाणे काहीच घडलेलं नाही," ते म्हणाले. "दुपारी डेकवर शिट्टी वाजली आणि प्रवाशांनी हात वर केले. दोन प्रवाशांनी तोच व्यायाम पाण्यात केला. एवढीच नोंद आहे."

"मग काही घडलंच नसेल तर तलाव बंद करायचं कारण नाही," ही म्हणाली. "मी उद्या सकाळी पोहणार आहे."

घडलं म्हणावं तर नोंद बदलावी लागणार होती, आणि नोंद बदलणं कुठल्याही अधिकाऱ्याला बुडण्यापेक्षा जास्त कठीण असतं. तलाव उघडाच राहिला. माझी नेमणूक मात्र तिथल्या तिथे रद्द झाली. टोपी पाण्यात गेली होती, शिट्टी त्यांनी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावापाशी गेलो तर फलकाला खाली एक ताजी ओळ जोडलेली होती. 'ज्यांना पोहता येत नाही त्यांनी इतरांना वाचवू नये.' सबंध सफरीत कंपनीने कुणासाठी काही नेमकं केलं असेल तर ते हे, माझ्यासाठी. जीवरक्षक नव्हताच. साडू लांबच्या खुर्चीत चादर गुंडाळून बसले होते आणि दातांच्या डॉक्टरांना सांगत होते की नदीच्या पाण्याची आणि तलावाच्या पाण्याची घनता वेगळी असते. त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण त्यांना सांगण्याचा माझा विचार नाही.

ही पाण्यात उतरली. मी काठाशी खुर्ची ओढून बसलो. समुद्र शांत होता आणि तिच्या अंगावर ऊन पडलं होतं. ती एक फेरी मारून आली, दुसरी मारून आली, दरवेळी टोकाला वळताना माझ्याकडे बघत होती. पोटात गोळा होता. तो राहणारच.

तेवढ्यात मागे मास्तरने शिट्टी फुंकली. सगळ्या डेकने हात वर केले, चादरीतून साडूंनीसुद्धा. मी केले नाहीत. मी तिच्याकडे बघत होतो.